टॅबला कीबोर्ड कव्हर घ्यावे का? इनस्क्रिप्टने मराठी टंकणाऱ्या संशोधिकेला उत्तर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा. तुम्ही सोलापूर जिल्ह्यात जात्यावरच्या ओव्यांवर पीएच.डी.चे काम करता आणि त्यासाठी गावोगाव मुक्काम करता. तुमच्याकडे १०.९ इंची अँड्रॉइड टॅब आहे आणि घरी एक जुना, जड लॅपटॉप आहे. टॅब बनवणाऱ्या कंपनीचे कीबोर्ड कव्हर सुमारे १२,००० रुपयांना पडते, तर ब्लूटूथवर चालणारे दुसरे एक कव्हर १,८०० रुपयांना मिळते. यांपैकी कोणते घ्यावे, की हा विचार सोडून लॅपटॉपच वाहावा, असे तुम्ही विचारले आहे. शेवटी जाता जाता तुम्ही लिहिले आहे की टंकन इनस्क्रिप्टने, म्हणजे भारतीय लिपींसाठी ठरवलेल्या कळांच्या मांडणीने, करता. माझ्या दृष्टीने तुमच्या प्रश्नातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तेच आहे. या कव्हरांची जी परीक्षणे वाचायला मिळतात, ती बहुतेक इंग्रजी टंकणाऱ्यांनी लिहिलेली असतात आणि त्यांना जे दोष किरकोळ वाटतात, ते मराठी टंकणाऱ्याला दर ओळीत अडवतात.

मी अनुवादाचे काम करते आणि संस्थांच्या सभांची इतिवृत्तेही लिहून देते. त्यामुळे टेबल असो वा नसो, वीज असो वा नसो, बसल्या जागी मराठी मजकूर टंकून घेणे हा माझा रोजचा व्यवसाय आहे. गेली काही वर्षे मी हे काम वेगवेगळ्या टॅबांवर आणि वेगवेगळ्या कव्हरांवर केले आहे. पुढे जे लिहिते आहे ते त्या अनुभवातून आलेले आहे. काही गोष्टी तुमच्या टॅबच्या नेमक्या मॉडेलवर आणि तुमच्या बसण्याच्या सवयीवर अवलंबून आहेत. त्या जिथे येतील तिथे मी तसे सांगेन.

पहिली गोष्ट अशी की कीबोर्ड कव्हर ही एक वस्तू दिसत असली तरी पैसे तुम्ही तीन वस्तूंचे देता. टॅबचे संरक्षण ही पहिली, त्याला उभे करणारा टेकू ही दुसरी आणि कळा ही तिसरी. महागड्या कव्हरांत ट्रॅकपॅड ही चौथी. या सगळ्या गोष्टी एकाच कव्हरात चांगल्या असतील असे क्वचितच होते, आणि एक बिघडली की उरलेल्या चांगल्या असूनही बाजूला ठेवाव्या लागतात. म्हणून कव्हर चांगले की वाईट असे विचारण्याऐवजी या तिन्हींपैकी तुम्हाला खरोखर कशाची गरज आहे, ते आधी ठरवावे लागते.

त्याच्याही आधी एक तपासणी करा आणि ती होईपर्यंत कव्हरावर एकही रुपया खर्च करू नका. तुमच्या टॅबवर बाहेरून जोडलेल्या कीबोर्डने इनस्क्रिप्ट चालते का, हे पाहा. पडद्यावरच्या कीबोर्डवर मराठी येते म्हणून बाहेरच्या कळांवरही ते येईल असे गृहीत धरता येत नाही. पडद्यावरचा कीबोर्ड हे एक ॲप असते. बाहेरच्या कीबोर्डची कळ दाबली की तिचे अक्षर कोणते, हे बऱ्याचदा त्या ॲपऐवजी टॅबची प्रणाली ठरवते. त्यामुळे रोमन अक्षरांत लिहून मराठी उमटवण्याची जी सोय पडद्यावर सहज मिळते, ती बाहेरचा कीबोर्ड जोडताच अनेक टॅबांवर नाहीशी होते आणि नुसती इंग्रजी अक्षरे उमटू लागतात. इनस्क्रिप्टची स्थिती थोडी बरी आहे, कारण ती १९८६ पासूनची सरकारमान्य, ठरलेली मांडणी आहे. तरीही अँड्रॉइडची आवृत्ती आणि टॅबची कंपनी यांनुसार फरक पडतोच.

ही तपासणी जवळजवळ फुकटात होते. घरातल्या जुन्या संगणकाचा कोणताही यूएसबी कीबोर्ड घ्या आणि यूएसबीची वस्तू टॅबला जोडू देणाऱ्या, शंभर-दोनशे रुपयांच्या ओटीजी जोडणीने टॅबला लावा. सेटिंगमध्ये भाषा आणि इनपुटच्या खाली फिजिकल कीबोर्ड हा भाग उघडा आणि तिथे देवनागरीची मांडणी निवडता येते का ते पाहा. निवडता आली तर चार ओळी टंकून पाहा आणि मराठीतून इंग्रजीत जाण्यासाठी कोणत्या कळा दाबाव्या लागतात तेही शोधून ठेवा. देवनागरीची मांडणी मिळालीच नाही, तर बाहेरच्या कीबोर्डसाठी इनस्क्रिप्ट देणारे एखादे ॲप टाकून पाहा. तेही चालले नाही, तर १२,००० रुपयांचे कव्हरसुद्धा तुमच्यासाठी फक्त इंग्रजी टंकण्याचे साधन ठरेल आणि हा प्रश्न तिथेच संपेल.

ती पायरी पार पडली असे धरून आता कळांकडे येते, कारण खरी अडचण इथे आहे आणि ती साध्या मापांतून दिसते. नेहमीच्या कीबोर्डवर एका कळेच्या मध्यापासून शेजारच्या कळेच्या मध्यापर्यंत सुमारे १९ मिलिमीटर अंतर असते. अक्षरांच्या एका पूर्ण ओळीची रुंदी, म्हणजे डावीकडच्या टॅब कळेपासून उजव्या टोकापर्यंत, अशा १५ कळांइतकी भरते. गुणाकार केला तर ती साधारण २८५ मिलिमीटर होते. तुमचा टॅब आडवा धरला तर त्याची रुंदी २५ सेंटिमीटरच्या आसपास आहे आणि कव्हराची कड वजा केली की कळांसाठी २४ सेंटिमीटर उरतात. म्हणजे सुमारे साडेचार सेंटिमीटर, दोनपेक्षा जास्त कळांची जागा, कुठून तरी कापावीच लागते. ही काटछाट महागड्या कव्हरालाही चुकत नाही. फक्त ती कुठे करायची, याचा विचार तिथे अधिक काळजीने केलेला असतो. १२.९ इंची टॅबची रुंदी २८ सेंटिमीटर असते, म्हणून त्या आकाराच्या कव्हरांवर पूर्ण मापाचा कीबोर्ड जवळजवळ बसतो. तुमच्या आकारात तो बसणे शक्य नाही.

आता ही जागा कापतात कुठून? मधली अक्षरे लहान केली तर इंग्रजी टंकणारा लगेच तक्रार करतो, म्हणून ती १७-१८ मिलिमीटरवर ठेवली जातात आणि कात्री चालते कडांवर. उजव्या कडेला इंग्रजीत असते काय? चौकटी कंस, अर्धविराम, अवतरणचिन्ह, तिरपी रेघ. इंग्रजीत ही चिन्हे अक्षरांच्या मानाने कमी लागतात, त्यामुळे त्यांच्या कळा अर्ध्या रुंदीच्या केल्या तरी फारसे बिघडत नाही. इनस्क्रिप्टमध्ये मात्र नेमक्या याच कळांवर आपली व्यंजने आहेत. अर्धविरामाच्या कळेवर च आणि छ, अवतरणचिन्हावर ट आणि ठ, पहिल्या चौकटी कंसावर ड आणि ढ, पुढे जाणाऱ्या तिरप्या रेघेवर य, आणि मागे जाणाऱ्या तिरप्या रेघेवर डॉक्टरमधला ॉ व ऑगस्टमधला ऑ. बरोबरच्या चिन्हावर ृ आणि ऋ. ओवीच्या, जात्याची, माहेरचे असे शब्द टंकताना च किती वेळा लागतो आणि य किती वेळा, याचा अंदाज तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त असेल. मराठीत षष्ठीचा प्रत्ययच त्या कडेवर राहतो.

यात आणखी एक बारकावा आहे, जो मी कोणत्याही परीक्षणात वाचलेला नाही. ण हे अक्षर इनस्क्रिप्टमध्ये सी कळेवर शिफ्टसह येते आणि शिफ्टशिवाय तीच कळ म देते. सी कळ डाव्या हाताची आहे, म्हणून नीट शिकलेला टंकलेखक शिफ्ट उजव्या करंगळीने दाबतो. लहान कव्हरांवर उजवी शिफ्ट हीच सर्वांत जास्त कापलेली कळ असते आणि तिच्या लगत, काही वेळा तिच्या आतल्या बाजूला, वरच्या बाणाची कळ बसवलेली असते. तुम्ही ‘आणि’ टंकायला जाता, करंगळी बाणावर पडते, कर्सर वरच्या ओळीत उडी मारतो आणि तिथे मधेच ‘मि’ उमटतो. खालच्या ओळीत नुसता ‘आ’ उरतो. असे पानात एकदा झाले तर हसून सोडता येते, पण ण नसलेले मराठी वाक्य शोधावे लागते. डाव्या शिफ्टने काम भागवण्याची सवय लावता येते, मात्र तसे केल्यावर डावा हात एकाच वेळी शिफ्ट आणि सी दाबत राहतो आणि तासाभरात मनगट तक्रार करू लागते.

म्हणून कव्हराचे चित्र पाहताना माझी नजर आधी उजव्या कडेवर जाते. ट आणि च यांच्या कळा शेजारच्या अक्षरांएवढ्या रुंद आहेत का? ट आणि एंटर यांच्यात पुरेसे अंतर आहे का? ड पूर्ण आकाराचा आहे का? ऑ देणारी कळ स्वतंत्र आहे की ती एफएन (Fn) कळेच्या आड ढकललेली आहे, म्हणजे एफएन दाबून ठेवल्यावरच मिळते? काही स्वस्त कीबोर्डांवर ती तशी असते आणि मग ‘ऑगस्ट’ लिहिताना तीन कळा एकदम दाबाव्या लागतात. उजवी शिफ्ट किमान दीड कळेएवढी आहे का? विक्रेते चित्रे मोठी देतात, त्यामुळे हे सगळे घरबसल्या पाहता येते. कळांवर देवनागरी अक्षरे छापलेली नसतील, त्याची चिंता करू नका. इनस्क्रिप्ट बोटांत बसलेले असेल तर ती लागत नाहीत, आणि चिकटवण्याचे स्टिकर काही महिन्यांत कडांनी सुटू लागतात. त्याच कारणाने कळांखालच्या दिव्यासाठी जास्तीचे पैसे देण्याचेही प्रयोजन मला दिसत नाही, कारण अंधारात तो दिवा तुम्हाला इंग्रजी अक्षरेच दाखवणार.

जोडणीचा मुद्दा त्यानंतर येतो. तुमचे १,८०० रुपयांचे कव्हर ब्लूटूथवर चालते आणि कंपनीचे बहुधा टॅबच्या मागे किंवा कडेला असलेल्या धातूच्या टिकल्यांवर. टिकल्यांची जोडणी निःसंशय चांगली. कीबोर्डला वीज टॅबमधूनच मिळते, वेगळे चार्जिंग नाही, जोडी जुळवण्याची खटपट नाही आणि कळ दाबताच अक्षर उमटते. ब्लूटूथ कीबोर्ड मात्र वीज वाचवण्यासाठी काही मिनिटे हात लागला नाही की झोपतो आणि जागा होताना पहिली एक-दोन अक्षरे गिळू शकतो. सभेत चर्चा दहा मिनिटे चालते, तोवर कीबोर्ड झोपलेला असतो, आणि मग अध्यक्ष ठराव नामंजूर झाल्याचे सांगतात. पहिल्या दोन कळा गिळल्या गेल्या की इतिवृत्तात ‘मंजूर’ उमटते. म्हणून ब्लूटूथ कीबोर्डवर काम करताना थांबल्यानंतर आधी शिफ्ट दाबून तो जागा करायचा आणि मगच लिहायचे, ही शिस्त मी पाळते. तुमच्या कामात एखादी बाई बोलता बोलता थांबते आणि मग एकदम पुढची ओवी म्हणू लागते, तेव्हा हा विलंब तुम्हालाही जाणवेल. अर्थात तुम्ही ध्वनिमुद्रण करत असालच, त्यामुळे नुकसान भरून निघण्याजोगे आहे.

टिकल्यांच्या जोडणीची दुसरी बाजूही सांगायला हवी. असे कव्हर त्या एका टॅबलाच, फार तर त्याच्या एक-दोन भावंडांना बसते. ॲपलने अशी जोडणी आयपॅड प्रोवर २०१५ मध्ये आणली, पण २०२४ च्या आयपॅड प्रोला ॲपलचेच आधीचे कीबोर्ड कव्हर, म्हणजे जुना मॅजिक कीबोर्ड, चालत नाही. नवा घ्यावा लागतो. दुसऱ्या कंपन्यांकडेही मॉडेल बदलले की टिकल्यांची जागा किंवा कव्हराचे माप बदलते. म्हणजे टॅबचा पडदा फुटला किंवा टॅब जुना झाला की १२,००० रुपयांचे कव्हरही त्याच्याबरोबर निवृत्त होते. टॅब तुम्ही अजून तीन-चार वर्षे वापरणार असाल तर हा खर्च पटण्यासारखा आहे. टॅब आताच दोन-तीन वर्षे जुना असेल, तर मी त्याच्यावर एवढे पैसे घालणार नाही.

बसण्याविषयी तुम्ही काहीच लिहिलेले नाही आणि निम्मा निर्णय त्यावर आहे. लॅपटॉपमध्ये वजन खाली असते. टॅबमध्ये सगळे वजन पडद्याकडे असते. त्यामुळे मांडीवर ठेवले की तो मागे कलंडू पाहतो. यावर उत्पादकांनी दोन उपाय काढले. एक म्हणजे कीबोर्डच जड करून बिजागरी घट्ट ठेवायची. दुसरा म्हणजे टॅबच्या पाठीला टेकू देऊन कीबोर्ड नुसता पुढे पसरायचा. पहिल्या प्रकारात मांडीवर स्थैर्य मिळते, पण वजन वाढते. ११ इंची आयपॅड प्रो अर्ध्या किलोच्याही आत, सुमारे ४७० ग्रॅमचा, आणि त्याचा २०२० मध्ये आलेला मॅजिक कीबोर्ड एकटाच सुमारे ६०० ग्रॅमचा. दोन्ही मिळून एक किलोच्या पुढे जातात. १२.९ इंची जोडी तर १.२४ किलोच्या मॅकबुक एअर लॅपटॉपपेक्षाही जड भरते. हलकेपणासाठी टॅब घेतला असेल तर हा व्यवहार उलटा झाला. दुसऱ्या प्रकारात टेकू, टॅब आणि कीबोर्ड मिळून इतकी लांबी व्यापतात की उंचीने बेताच्या व्यक्तीला मांडी पुरत नाही. टेकू गुडघ्याच्या पुढे जातो आणि निसटतो. घडीचे त्रिकोणी टेकू असलेली पातळ कव्हरे तर टेबलावरच वापरावीत. बसमध्ये ती तिसऱ्या खड्ड्याला मिटतात.

तुम्ही मुक्कामाला असता तेव्हा टेबल-खुर्ची दर ठिकाणी मिळेल असे नाही. जमिनीवर मांडी घालून बसायचे आणि समोर चौरंग किंवा पाट घ्यायचा, ही व्यवस्था बहुतेक घरांत होऊ शकते. टॅबसाठी ती चांगलीही आहे, कारण चौरंगाच्या पृष्ठभागावर कोणताही टेकू स्थिर राहतो. तक्रार करते ती मान. कव्हरात पडदा आणि कळा एकमेकींना जोडलेल्या असल्यामुळे कळा हाताच्या उंचीवर आणल्या की पडदा फार खाली जातो आणि तुम्ही तासन्‌तास खाली वाकून बघत राहता. ओव्यांच्या लांबलचक मुद्रणांचे लिप्यंतर करताना तुम्हाला हे सोसावे लागेल. कीबोर्ड सुटा असेल तर टॅब डब्यावर किंवा पुस्तकांवर उंच ठेवता येतो आणि मान सरळ राहते.

एक मुद्दा तुम्ही विचारलेला नाही, तरी सांगते. ओव्या सांगणाऱ्या वयस्कर बाईसमोर तुम्ही उभा पडदा घेऊन बसलात आणि ती बोलते तसतसा कळांचा आवाज करत राहिलात, तर तुमच्या दोघींमध्ये एक आडोसा उभा राहतो. सभेत लोक मला कारकून म्हणून गृहीत धरतात, त्यामुळे तिथे ते चालते. ओसरीवरच्या बैठकीत ते चालेल असे मला वाटत नाही. तिथे मुद्रण चालू ठेवून टॅब आडवा, पेनसह किंवा साधी वहीच बरी. असे असेल तर कीबोर्ड तुम्हाला लागतो तो रात्री, मुक्कामाच्या जागी, एका ठिकाणी बसून. हे मान्य असेल तर कीबोर्ड टॅबला कायमचा चिकटलेला असण्याची गरजच उरत नाही. उलट दिवसा तो नसलेलाच बरा, कारण बरीच कव्हरे मागे दुमडली की कळा हाताखाली येतात आणि टॅब उभा धरून वाचणे अवघड होते.

इतके दोष सांगितल्यावर फायदेही तितक्याच प्रामाणिकपणे मांडले पाहिजेत, कारण बाहेरच्या कळा मी स्वतः सोडायला तयार नाही. आडव्या टॅबवर पडद्यावरचा कीबोर्ड जवळपास निम्मा पडदा खातो. कळा बाहेर गेल्या की मजकुराचे पूर्ण पान डोळ्यांसमोर राहते आणि मागची ओवी पाहून पुढची जुळवता येते. तुमच्यासाठी त्याहून मोठा फायदा वेगळाच आहे. पडद्यावरचा कीबोर्ड शब्द सुचवतो, काही वेळा न विचारता बदलतो, आणि त्याला माहीत असलेले मराठी हे वर्तमानपत्री मराठी असते. ओव्या सांगणाऱ्या बायका जे बोलतात, ते जसेच्या तसे टिपणे हेच तुमचे काम. बाहेरच्या कीबोर्डवर इनस्क्रिप्टने लिहिताना तुम्ही दाबाल तेच अक्षर उमटते. बोलीतला उच्चार कोणी परस्पर प्रमाण करून टाकत नाही. बोलून टंकण्याची सोय २०१७ पासून गूगलवर मराठीत आहे आणि पत्रव्यवहारासाठी मीही ती वापरते, पण बोलीतल्या ओव्यांसाठी ती घेऊ नये, याचेही कारण हेच आहे. शिवाय दुरुस्तीच्या वेळी बोटाने देवनागरी मजकुरात नेमक्या जागी कर्सर नेणे हे डोळे आणि संयम दोन्हींची परीक्षा पाहते. बाणाच्या कळांनी आणि शिफ्ट दाबून शब्द निवडण्याने ते काम निमूट होते. ट्रॅकपॅडची उणीव त्यामुळे मला जाणवत नाही. अँड्रॉइडला साधा माउसही जोडता येतो.

टिकाऊपणावर थोडक्यात. स्वस्त कव्हरांवरचे कृत्रिम चामडे दमट हवेत पापुद्रे सोडते. सोलापूरच्या कोरड्या हवेत ते जास्त टिकेल; मुंबईत किंवा कोकणात मी त्याच्यावर भरवसा ठेवत नाही. तुमच्याकडे त्रास धुळीचा. चौकट आणि पडदा यांच्या फटीत बारीक रेती अडकते आणि बॅग दाबली गेली की कळांबरोबर तीही पडद्यावर घासते. काचेवर एक साधा संरक्षक पापुद्रा लावून घ्या आणि आठवड्यातून एकदा टॅब कव्हरातून काढून कडा पुसा. स्वस्त कव्हरात कीबोर्डची बॅटरी आत चिकटवलेली असते, ती बदलता येत नाही, आणि कित्येकांना अजून जुन्या मायक्रो यूएसबीची केबल लागते. म्हणजे मुक्कामाला आणखी एक केबल, आणि ती विसरली की कीबोर्ड गप्प. उन्हात तापलेल्या गाडीत असे कव्हर ठेवू नये, हे वेगळे सांगायला नको. कव्हरांतले चुंबक पेसमेकरच्या जवळ येऊ देऊ नयेत; घरात कोणाला तो बसवलेला असेल तर एवढे लक्षात असू द्या.

सॉफ्टवेअरच्या दोन गोष्टी निर्णयाला धक्का देऊ शकतात. मायक्रोसॉफ्ट वर्डचे ॲप १०.१ इंचांपर्यंतच्या पडद्यांवर फुकट संपादन करू देते. त्याहून मोठ्या पडद्यावर संपादनासाठी वर्गणी लागते. तुमचा टॅब १०.९ इंची आहे, म्हणजे त्या रेषेच्या किंचित पलीकडे. गूगल डॉक्सला ही अट नाही. दुसरी गोष्ट म्हणजे तुमचे विद्यापीठ किंवा प्रकाशक मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कोणत्याही उपकरणावर सारखाच वाचता येणाऱ्या अक्षरसंकेतात, घेतो का, हे आजच विचारून ठेवा. जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्येच फाईल हवी असा आग्रह असेल, तर तो शेवटचा हात विंडोजवर फिरवावा लागेल आणि घरचा लॅपटॉप निवृत्त करता येणार नाही.

आता माझे मत. तुम्ही विचारलेल्या दोन कव्हरांपैकी एकच निवडायचे असेल आणि टॅब नवा असेल, तर कंपनीचे कव्हर घ्या. १,८०० रुपयांचे घेऊ नका, कारण त्यात कापलेल्या कळा, झोपणारे ब्लूटूथ आणि न बदलता येणारी बॅटरी हे तिन्ही दोष एकत्र येतात. पण तुमच्या जागी मी तिसराच मार्ग धरेन. सात-आठशे रुपयांचे टेकू असलेले साधे, हलके कव्हर टॅबला आणि त्याच्यासोबत सुटा ब्लूटूथ कीबोर्ड. उदाहरणार्थ लॉजिटेकचा के-३८० हा कीबोर्ड २७९ मिलिमीटर रुंद आहे, म्हणजे वर सांगितलेल्या २८५ च्या अगदी जवळ, आणि त्यामुळे ट, च, ड, य यांना त्यांची जागा मिळते. त्याचे वजन ४२३ ग्रॅम आहे, तीन उपकरणांशी तो जोडून ठेवता येतो, आणि रिमोटमध्ये घालतात तसल्या दोन एएए सेलवर तो दीर्घकाळ चालतो. ते सेल कोणत्याही गावच्या किराणा दुकानात मिळतात. ब्लूटूथची झोप याही कीबोर्डला आहे, त्यावर शिफ्टचा उपाय सांगितलाच. टॅब बदलला तरी कीबोर्ड तुमच्याकडेच राहतो. दिवसा तो पिशवीत असतो आणि ओसरीवर तुमच्या हातात फक्त टॅब असतो.

हा मार्ग कोणासाठी चुकीचा? ज्यांना रोज लोकलमध्ये, एसटीत किंवा सभागृहाच्या खुर्चीवर मांडीवर ठेवूनच टंकायचे आहे, त्यांच्यासाठी. सुटा कीबोर्ड आणि टेकू मांडीवर एकत्र राहत नाहीत. माझ्या सभांच्या कामाला म्हणूनच मी घट्ट बिजागरीचे, टिकल्यांच्या जोडणीचे कव्हर वापरते आणि त्याचे जादा वजन सोसते. अनुवादाला घरी बसले की सुटा कीबोर्ड घेते. आणि प्रबंधाचे लेखन सुरू होईल, तळटीपा, सूची, शेकडो पानांची मांडणी येईल, तेव्हा ते घरच्या लॅपटॉपवरच करा. तो जड असला तरी तोवर तुम्हाला तो गावोगाव न्यायचा नसेल.

कोणताही कीबोर्ड घेतलात तरी दुकानात किंवा परत करण्याची मुदत संपण्याआधी घरी हे एक वाक्य सलग पाच-सहा वेळा टंकून पाहा: ‘ऑगस्टमध्ये ढगाळ दुपारी ज्ञानदा आणि ऋचा ठाण्याच्या डॉक्टरांकडे छत्री घेऊन गेल्या.’ कडेच्या जवळजवळ सगळ्या कळा आणि उजवी शिफ्ट यात येऊन जातात. मांडणीनुसार ज्ञ आणि त्र यांच्या स्वतंत्र कळा नसतील तर ते जोडून लिहावे लागतील; तो दोष टॅबमधल्या मांडणीचा, कीबोर्डचा नव्हे. पहिल्या दोन वेळा चुका होतीलच. पाचव्या वेळीही ‘आणि’पाशी कर्सर वर उडत असेल किंवा ‘ठाण्याच्या’ लिहिताना नवी ओळ सुरू होत असेल, तर सवय होईल या आशेवर तो ठेवून घेऊ नका, परत करा.